जॉर्ज वॉशिंग्टन यांचे दात व कवळ्या

जॉर्ज वॉशिंग्टन (२२ फेब्रुवारी, इ.स. १७३२ – १४ डिसेंबर, इ.स. १७९९) हे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील सरसेनापती व अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष होते. वयाच्या चोविसाव्या वर्षापासून अखेरपर्यंत ते दातांच्या विकाराने त्रस्त होते. इ.स. १७८९ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा त्यांच्या तोंडात एकच नैसर्गिक दात शिल्लक होता. त्यांचा पत्रव्यवहार, हिशोबाच्या वह्या, संग्रहालयांत जतन केलेल्या कवळ्या आणि निरनिराळ्या वयांत काढलेली व्यक्तिचित्रे यांमुळे त्यांच्या दातांचा इतिहास त्या शतकातील इतर कोणाही व्यक्तीपेक्षा अधिक तपशिलाने ज्ञात आहे. दात गेल्याने माणसाचा चेहरा कसा बदलतो आणि कवळी करताना रुग्णाच्या पूर्वीच्या चेहऱ्याची माहिती का आवश्यक असते, हे समजून घेण्यासाठी त्यांचे उदाहरण दंतवैद्यकात महत्त्वाचे ठरते.

पूर्वायुष्य

वॉशिंग्टन यांचा जन्म व्हर्जिनिया वसाहतीतील वेस्टमोरलंड परगण्यात झाला. तरुणपणी ते जमीन मोजणीचे काम करीत. इ.स. १७५१ मध्ये ते आपले सावत्र बंधू लॉरेन्स यांच्यासमवेत बार्बाडोस बेटावर गेले असता त्यांना देवीचा आजार झाला. त्यातून ते बरे झाले. मात्र चेहऱ्यावर देवीचे व्रण राहिले. पुढे ते व्हर्जिनियाच्या पलटणीत कर्नल झाले आणि फ्रेंचांविरुद्धच्या सीमेवरील लढायांत त्यांनी भाग घेतला.

इ.स. १७५६ मध्ये त्यांचा पहिला दात काढण्यात आला. त्यासाठी वॉटसन नावाच्या वैद्यास पाच शिलिंग दिल्याची नोंद त्यांच्या हिशोबात आढळते. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. ईथर देऊन केलेल्या शस्त्रक्रियेचे प्रसिद्ध प्रात्यक्षिक विल्यम मॉर्टन या दंतवैद्याच्या साहाय्याने बॉस्टन येथे झाले ते इ.स. १८४६ मध्ये, म्हणजे वॉशिंग्टन यांच्या मृत्यूनंतर सत्तेचाळीस वर्षांनी. त्यामुळे त्यांचा प्रत्येक दात ते शुद्धीवर असतानाच उपटण्यात आला.

वॉशिंग्टन दातांविषयी निष्काळजी नव्हते. दातांचे ब्रश, दंतचूर्ण, दात खरवडण्याची हत्यारे आणि दातदुखीवरील औषधे यांच्या खरेदीच्या नोंदी त्यांच्या कागदपत्रांत वारंवार येतात. तरीही हिरड्या सुजणे, दात दुखणे व नंतर दात काढावा लागणे हा क्रम वर्षानुवर्षे चालू राहिला.

युद्धकाळ

इ.स. १७७० च्या दशकात जॉन बेकर या दंतवैद्याने वॉशिंग्टन यांच्यावर उपचार केले. बेकर यांनी त्यांच्यासाठी हस्तिदंताची अर्धी कवळी तयार केली. ती उरलेल्या नैसर्गिक दातांना तारेने बांधून ठेवावी लागे. या पद्धतीत एक मोठा दोष होता. तारेचा सगळा ताण शिल्लक दातांवर येई, त्यामुळे ते दातही हळूहळू सैल होत आणि कवळीला आधार देणारेच दात कवळीमुळे जात.

इ.स. १७७५ मध्ये वॉशिंग्टन अमेरिकी सैन्याचे सरसेनापती झाले. आठ वर्षांच्या युद्धात दंतवैद्य मिळणे कठीण असल्यामुळे दातांची किरकोळ दुरुस्ती ते स्वतःच करीत. इ.स. १७८१ च्या मे महिन्यात त्यांनी बेकर यांना पत्र लिहून तार आवळण्यासाठी चिमटा आणि दात खरवडण्याची हत्यारे मागविली. आपण फिलाडेल्फियास लवकर येण्याची शक्यता नाही, असेही त्यांनी त्यात कळविले होते. हे पत्र वाटेत ब्रिटिशांच्या हाती लागले व त्यांचे सेनापती सर हेन्री क्लिंटन यांच्या कागदपत्रांत राहिले. वॉशिंग्टन न्यूयॉर्कच्या परिसरातच थांबणार, हा क्लिंटन यांचा समज अशा पत्रांमुळे दृढ झाला असावा, असे काही अभ्यासक मानतात. प्रत्यक्षात वॉशिंग्टन यांनी त्याच वर्षी सैन्य दक्षिणेकडे नेले आणि १९ ऑक्टोबर, इ.स. १७८१ रोजी यॉर्कटाउन येथे ब्रिटिश सैन्याने शरणागती पत्करली.

डिसेंबर, इ.स. १७८२ मध्ये त्यांनी माउंट व्हर्नन येथील आपल्या मालमत्तेचे व्यवस्थापक लंड वॉशिंग्टन यांना पत्र लिहिले. अभ्यासिकेतील मेजाच्या खणात ठेवलेले पुढचे दोन छोटे दात काळजीपूर्वक गुंडाळून पाठवावेत, अशी सूचना त्यात होती. कवळीत पुन्हा बसविता यावेत म्हणून दात जपून ठेवण्याची त्यांची सवय या पत्रावरून दिसते.

ले मेयर आणि नऊ दात

झाँ-पिएर ले मेयर हा फ्रेंच दंतवैद्य युद्धाच्या अखेरच्या काळात ब्रिटिशांचा आश्रय सोडून अमेरिकी पक्षाकडे आला. त्याने वॉशिंग्टन यांच्यावर उपचार केले व पुढे माउंट व्हर्नन येथेही तो येत असे. एका माणसाचा निरोगी दात काढून दुसऱ्याच्या जबड्यात बसविणे, म्हणजेच दंतरोपण, ही त्याची विशेष ख्याती होती. अशा दातांसाठी तो वृत्तपत्रांत जाहिरात देऊन पुढच्या प्रत्येक दातास दोन गिनी, म्हणजे बेचाळीस शिलिंग, देऊ करीत असे.

इ.स. १७८४ च्या मे महिन्यात माउंट व्हर्ननच्या हिशोबवहीत एक नोंद आहे. त्या नोंदीनुसार फ्रेंच दंतवैद्याच्या खात्यावर नऊ दातांसाठी कृष्णवर्णीयांना एकूण १२२ शिलिंग देण्यात आले. एका दातास साधारण साडेतेरा शिलिंग पडले. जाहिरातीतील दराच्या तुलनेत ही रक्कम एक तृतीयांशाहूनही कमी होती. दात देणाऱ्यांची नावे नोंदीत नाहीत. हे दात रोपणासाठी वापरले गेले की कवळीसाठी, आणि ते वॉशिंग्टन यांच्याच तोंडात बसविले गेले काय, याचाही उल्लेख तेथे नाही. तथापि, माउंट व्हर्नन येथील श्रम गुलामांच्या बळावर चालत असल्यामुळे हा व्यवहार केवळ खरेदी-विक्रीचा मानता येत नाही. मालकाच्या घरी आलेल्या वैद्याने दात मागितल्यावर नकार देण्याची मोकळीक गुलाम माणसाला नव्हती. त्याला मोबदला मिळाला, या गोष्टीने ही वस्तुस्थिती बदलत नाही.

राष्ट्राध्यक्षपद आणि जॉन ग्रीनवुड

३० एप्रिल, इ.स. १७८९ रोजी न्यूयॉर्क येथील फेडरल हॉलमध्ये वॉशिंग्टन यांचा शपथविधी झाला. त्या वेळी ते सत्तावन्न वर्षांचे होते. त्यांचा शिल्लक राहिलेला एकमेव दात म्हणजे खालच्या जबड्यातील डाव्या बाजूची एक उपदाढ होय.

याच काळात न्यूयॉर्कचे दंतवैद्य जॉन ग्रीनवुड (इ.स. १७६० – इ.स. १८१९) यांनी त्यांच्या उपचारांची जबाबदारी घेतली. ग्रीनवुड यांनी लहानपणी स्वातंत्र्ययुद्धात सैन्यात बासरीवादक म्हणून काम केले होते. त्यांनी वॉशिंग्टन यांच्यासाठी पाणघोड्याच्या दाताची कवळी कोरली. तिच्या खालच्या भागात एक भोक ठेवून त्यातून उरलेली उपदाढ वर येईल अशी योजना केली होती. त्यामुळे कवळीला एका बाजूने तरी पक्का आधार मिळे. दात शक्य तोवर काढू नये, हे ग्रीनवुड यांचे धोरण त्या काळाच्या मानाने पुढचे होते.

इ.स. १७९६ मध्ये ही शेवटची उपदाढही काढावी लागली. ग्रीनवुड यांनी ती एका लहानशा डबीत जपून ठेवली. हा दात आता न्यूयॉर्क अकॅडमी ऑफ मेडिसिन या संस्थेच्या संग्रहात आहे.

वॉशिंग्टन यांचे दुसऱ्या शपथविधीचे भाषण (४ मार्च, इ.स. १७९३) केवळ १३५ शब्दांचे होते व ते अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या अशा भाषणांपैकी सर्वांत लहान ठरले. त्यांचा प्रसिद्ध निरोपाचा संदेश (इ.स. १७९६) त्यांनी सभेत वाचला नाही, तो वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाला. या दोन्ही गोष्टींचा संबंध काही लेखक त्यांच्या कवळ्यांशी जोडतात. मात्र वॉशिंग्टन मुळातच मितभाषी होते, हेही लक्षात घेतले पाहिजे.

कवळ्यांची रचना

आजची वरची कवळी टाळूला घट्ट बसते आणि लाळेच्या पातळ थरामुळे व हवेच्या दाबामुळे जागेवर टिकते. अठराव्या शतकात कवळी इतकी अचूक घडविता येत नव्हती. त्यामुळे वरचा व खालचा असे दोन्ही भाग मागच्या बाजूस स्प्रिंगांनी जोडलेले असत. स्प्रिंग वरचा भाग वर आणि खालचा भाग खाली दाबून धरी. तोंड मिटून ठेवायचे, तर जबड्याच्या स्नायूंना या स्प्रिंगांविरुद्ध सतत जोर लावावा लागे. जरा ढिलाई झाली तर कवळी पुढे सरकण्याची भीती असे. जेवताना, बोलताना आणि हसताना हा ताण अधिक जाणवे.

वॉशिंग्टन यांच्या कवळ्यांत पाणघोड्याचा दात, हस्तिदंत, माणसाचे दात, गाय व घोडा यांसारख्या प्राण्यांचे दात, शिसे आणि इतर धातू वापरलेले आढळतात. त्यांची संपूर्ण अवस्थेत शिल्लक असलेली एकमेव कवळी माउंट व्हर्नन येथील संग्रहालयात आहे. तिच्या शिशाच्या बैठकीत दात बसविलेले असून ती हातात घेण्यास चांगलीच जड आहे.

चेहऱ्यातील बदल

नैसर्गिक दात पूर्ण असताना तोंड मिटले की वरचे व खालचे दात एकमेकांना टेकतात आणि जबडा ठरावीक उंचीवर थांबतो. या उंचीला चाव्याची उंची म्हणतात. दात गेले की जबड्याला थांबविणारे काही उरत नाही. तो प्रमाणापेक्षा अधिक वर मिटतो, नाक व हनुवटी यांतील अंतर कमी होते, ओठ आत जातात आणि तोंडाच्या कोपऱ्यांशी खोल वळ्या पडतात. दात धरून ठेवणारे जबड्याचे हाडही हळूहळू झिजत जाते. वयोवृद्ध माणसाचे बोळके तोंड सर्वांच्या परिचयाचे असते, ते याच कारणामुळे.

कवळी करणाऱ्याला म्हणून दोन गोष्टी साधाव्या लागतात. पहिली म्हणजे चाव्याची उंची पूर्ववत करणे आणि दुसरी म्हणजे ओठांना व गालांना आतून योग्य तेवढाच आधार देणे. कवळी कमी उंचीची झाली तर चेहरा आखूड व म्हातारा दिसतो. ती अधिक उंचीची झाली तर ओठ मिटत नाहीत, स्नायू थकतात व बोलताना दात आपटतात. कवळीचा पुढचा भाग जाड झाला, तर ओठ फुगलेले दिसतात.

वॉशिंग्टन यांची तक्रार मुख्यतः या शेवटच्या दोषाची होती.

ग्रीनवुड यांच्याशी पत्रव्यवहार

राजधानी न्यूयॉर्कहून फिलाडेल्फियास गेल्यावर वॉशिंग्टन आणि ग्रीनवुड यांच्यात अंतर पडले. पुढे निवृत्तीनंतर वॉशिंग्टन माउंट व्हर्नन येथे राहू लागल्याने हे अंतर आणखी वाढले. त्यामुळे दुरुस्तीसाठी कवळ्या टपालाने पाठविल्या जात आणि काय बिघडले आहे ते पत्रातून सांगावे लागे.

जानेवारी, इ.स. १७९७ मधील पत्रात वॉशिंग्टन यांनी कवळी फार रुंद व पुढे आलेली असल्याचे कळविले. तिच्यामुळे वरचा व खालचा असे दोन्ही ओठ सुजल्यासारखे फुगतात, अशी त्यांची तक्रार होती. डिसेंबर, इ.स. १७९८ मध्ये त्यांनी पुन्हा लिहिले, की नाकाच्या खालचा ओठ कवळीमुळे पुढे ढकलला जातो. राष्ट्राध्यक्षपद सोडून त्यांना तेव्हा दीड वर्षाहून अधिक काळ झाला होता. तरी आपला चेहरा लोकांना कसा दिसतो याची चिंता कायम होती.

ग्रीनवुड यांनी त्याच महिन्याच्या अखेरीस उत्तर पाठविले. पोर्ट नावाच्या मद्यामुळे कवळी काळी पडली आहे आणि ते मद्य आंबट असल्याने दातांची झिलई जाते, असे त्यांनी कळविले. जेवणानंतर ती कवळी काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी व दुसरी वापरावी, किंवा ब्रश व खडूची बारीक पूड यांनी ती घासावी, असा सल्लाही त्यांनी दिला.

या पत्रव्यवहाराची मर्यादा उघड आहे. दंतवैद्यासमोर कवळी होती, पण ती घालणाऱ्याचा चेहरा नव्हता. कवळी नेमकी किती कोरून कमी करावी, हे त्याला रुग्णाच्या शब्दांवरून ठरवावे लागत होते. छायाचित्रणाची पहिली व्यवहार्य पद्धत इ.स. १८३९ मध्ये जाहीर झाली. ग्रीनवुड यांना तसे साधन उपलब्ध नव्हते.

चित्रे आणि शिल्पे

छायाचित्रे नसली, तरी वॉशिंग्टन यांची व्यक्तिचित्रे पुष्कळ आहेत. चार्ल्स विल्सन पील यांनी इ.स. १७७२ मध्ये माउंट व्हर्नन येथे त्यांचे पहिले ज्ञात व्यक्तिचित्र काढले. पुढील तेवीस वर्षांत पील यांनी त्यांना अनेकदा समोर बसवून रंगविले. पील स्वतः कवळ्याही तयार करीत असत.

सर्वांत विश्वसनीय नोंद मात्र फ्रेंच शिल्पकार झाँ-आंत्वान हूदों यांची आहे. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने पुतळ्याचे काम दिल्यामुळे ते ऑक्टोबर, इ.स. १७८५ मध्ये माउंट व्हर्नन येथे आले. त्यांनी वॉशिंग्टन यांच्या चेहऱ्यावर ओले प्लास्टर लावून थेट साचा घेतला, शरीराची मापे घेतली आणि मातीचा अर्धपुतळा घडविला. चित्रकार आपल्या नजरेप्रमाणे चेहरा थोडाफार सुधारू शकतो. साच्यात तसे होत नाही. त्यामुळे हा साचा वॉशिंग्टन यांच्या बाबतीत छायाचित्राच्या सर्वांत जवळचा ठरतो. त्यावर आधारलेला संगमरवरी पुतळा रिचमंड येथील विधिमंडळाच्या इमारतीत आहे.

गिल्बर्ट स्ट्यूअर्ट यांनी इ.स. १७९६ मध्ये काढलेले अपूर्ण व्यक्तिचित्र जगभर परिचित आहे, कारण एक डॉलरच्या नोटेवरील चित्र त्यावरूनच कोरलेले आहे. या चित्रात तोंड घट्ट मिटलेले असून ओठांभोवतीचा भाग फुगीर दिसतो. चित्र काढले जात असताना वॉशिंग्टन यांनी नवी कवळी बसविली होती, असे सांगितले जाते. इ.स. १७८५ चा साचा आणि इ.स. १७९६ चे चित्र शेजारी ठेवून पाहिले असता तोंडाभोवतालचा बदल सहज लक्षात येतो.

मृत्यू

डिसेंबर, इ.स. १७९९ मध्ये थंडीपावसात घोड्यावरून शेतांची पाहणी केल्यानंतर वॉशिंग्टन यांच्या घशाला तीव्र सूज आली. उपचार म्हणून त्यांच्या शरीरातून अनेक वेळा रक्त काढण्यात आले. १४ डिसेंबर रोजी माउंट व्हर्नन येथे वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या वर्षी माउंट व्हर्नन येथे ३१७ गुलाम राहत होते. त्यांपैकी स्वतःच्या मालकीच्या गुलामांना पत्नी मार्था यांच्या पश्चात मुक्त करावे, अशी तरतूद वॉशिंग्टन यांच्या मृत्युपत्रात होती. मार्था यांनी १ जानेवारी, इ.स. १८०१ रोजी, आपल्या हयातीतच, त्यांना मुक्त केले.

लाकडी दातांची दंतकथा

वॉशिंग्टन यांचे दात लाकडाचे होते, ही समजूत फार प्रचलित आहे. परंतु त्यांच्या उपलब्ध कवळ्यांपैकी एकीतही लाकूड नाही. हस्तिदंताला बारीक भेगा पडतात आणि त्या डागाळल्या की लाकडाच्या रेषांसारख्या दिसतात, हे या समजुतीचे एक संभाव्य कारण सांगितले जाते. या कथेमुळे एक वस्तुस्थिती मात्र झाकली गेली. कवळ्यांत माणसांचे दात होते. आणि लाकडाची गोष्ट रंगवून सांगताना ते दात कोणाचे, हा प्रश्न बराच काळ मागे पडला.

चेहऱ्याची पुनर्रचना

आज संपूर्ण कवळी करण्यापूर्वी दंतवैद्य रुग्णाकडे दात असतानाची छायाचित्रे मागतात. लग्नातील किंवा ओळखपत्रावरील समोरून घेतलेले छायाचित्र यासाठी उपयोगी पडते. दोन बाहुल्यांमधील अंतर प्रौढ वयात बदलत नाही, या तत्त्वावर एक साधी त्रैराशिकाची रीत आधारलेली आहे. समजा, छायाचित्रात बाहुल्यांतील अंतर १६ मिलिमीटर आणि भुवईपासून हनुवटीपर्यंतचे अंतर २८ मिलिमीटर आहे. रुग्णाच्या बाहुल्यांतील प्रत्यक्ष अंतर ६४ मिलिमीटर, म्हणजे चौपट भरले, तर भुवई ते हनुवटी हे अंतरही चौपट, म्हणजे ११२ मिलिमीटर असावयास हवे. प्रत्यक्ष मोजणीत ते कमी भरल्यास चाव्याची उंची तेवढी घटली आहे, असा अंदाज करता येतो. छायाचित्रात मान कललेली असल्यास किंवा तोंड उघडे असल्यास हे गणित चुकते. म्हणून स्नायू सैल असतानाची जबड्याची स्थिती, बोलण्यातील सहजता आणि रुग्णाला वाटणारी सोय यांच्याशी ते ताडून पाहावे लागते.

हाच विचार उलट्या दिशेने वॉशिंग्टन यांच्या बाबतीत वापरला गेला. पिट्सबर्ग विद्यापीठातील मानवशास्त्रज्ञ जेफ्री श्वार्ट्झ यांनी हूदों यांचा साचा, अर्धपुतळा व पुतळा यांचे आणि जतन केलेल्या कवळ्यांचे संगणकीय मोजमाप केले. कवळ्यांच्या आकारावरून जबड्याचे हाड किती झिजले होते याचा अंदाज घेऊन त्यांनी तरुण वयातील जबडा कसा असावा हे ठरविले. त्यावरून एकोणीस वर्षांचा जमीन मोजणीदार, पंचेचाळीस वर्षांचा सेनापती आणि शपथ घेणारा सत्तावन्न वर्षांचा राष्ट्राध्यक्ष अशा तीन पूर्णाकृती प्रतिमा तयार करण्यात आल्या. इ.स. २००६ पासून त्या माउंट व्हर्नन येथे प्रदर्शित आहेत. एकोणीस वर्षांच्या प्रतिमेत चेहऱ्याचा खालचा भाग भरलेला असून जबडा ठसठशीत आहे. या वयातील वॉशिंग्टन यांचे कोणतेही अस्सल चित्र उपलब्ध नाही.